स्क्रोलबार दिसत नाही? लिनक्सचा डेस्कटॉप आपल्या डोळ्यांना आणि हाताला बेतून घेताना

बाबांच्या संगणकावर मी लिनक्स बसवून दिलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. "अगं, अर्ज अर्धाच आलाय. नाव-पत्ता झाला की पान संपतंय. सही कुठे करायची?" घरी जाऊन पाहिलं तर अर्ज पूर्ण होता. सहीचा रकाना होता, तारीख होती, खाली 'जतन करा'चं बटणही होतं. पण विंडोची खालची कड नेमकी पत्त्याच्या ओळीखाली आली होती आणि उजवीकडची पट्टी, म्हणजे स्क्रोलबार, लपलेली होती. पान आणखी खाली सरकतं, हे सांगणारी एकही खूण पडद्यावर नव्हती. बाबांच्या जागी कुणीही असतं तरी त्याला पान संपलंय असंच वाटलं असतं.

त्यांच्या संगणकावरची ही एक गोष्ट नीट करताना जे जे कळत गेलं, ते या लेखात पायरी पायरीने मांडते आहे. लिनक्सवर नव्याने आलेल्यांसाठी हे लिहिलं आहे. सुरुवात स्क्रोलबारपासून आहे, पण त्याच वाटेने डेस्कटॉपच्या बाकीच्या सेटिंग्जकडेही जाता येतं.

एक गोष्ट आधीच सांगते. मेन्यू, फाइली आणि सेटिंग्जची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. तुमच्या पडद्यावर ती बहुधा रोमन लिपीत दिसतील आणि फाइलीत लिहितानाही ती रोमन लिपीतच लिहायची आहेत. उच्चारावरून ती लगेच ओळखू येतील.

पट्टी लपली कशी

स्क्रोलबार तीन गोष्टी एकाच वेळी सांगतो. वाचायला अजून काही उरलंय, ते साधारण किती आहे, आणि आत्ता आपण कुठे आहोत. आतला सरकता ठोकळा जितका लहान, तितका मजकूर मोठा. पट्टी लपली की ही तिन्ही उत्तरं लपतात. पान हलवायला चाक आहे, टचपॅड आहे, पेज-डाउन आहे. पण 'आपण कुठे आहोत' हे सांगणारं दुसरं काही नाही. म्हणून मी या पट्टीला शोभेची वस्तू मानत नाही.

लिनक्सच्या जगात ही पट्टी बरीच बदलत आली आहे. पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या जुन्या एक्स विंडो प्रणालीतल्या अथेना विजेटमध्ये, म्हणजे बटणं-पट्ट्यांच्या तयार संचात, पट्टीवर डावं बटण दाबलं की मजकूर पुढे सरकायचा, उजवं दाबलं की मागे, आणि ओढायचं ते मधल्या बटणाने. एक्सटर्म नावाचा टर्मिनल, म्हणजे आज्ञा लिहायची विंडो, उघडून पट्टी दाखवायला सांगितली तर हा प्रकार आजही पाहता येतो. एप्रिल २०११ मध्ये उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराच्या ११.०४ आवृत्तीत, युनिटी डेस्कटॉपसोबत, पट्टीच्या जागी एक बारीक रेघ आली आणि माउस जवळ नेला की छोटी मूठ बाहेर येऊ लागली. पुढे २०१५ मध्ये, अनेक प्रोग्रामांच्या विंडो रेखाटणाऱ्या जीटीके या साधनाच्या ३.१६ आवृत्तीने स्वतःच पट्टी मजकुरावर तरंगती केली. ती माउस हलवला की दिसते आणि काही क्षणांनी विरून जाते. फायरफॉक्सने मे २०२२ मधल्या १०० व्या आवृत्तीपासून लिनक्सवर हीच पद्धत धरली.

यामागे कारण आहे. लहान पडद्यावर आणि स्पर्शाने चालणाऱ्या उपकरणावर कायमची पट्टी जागा अडवते आणि बोटाने पान सरकवणाऱ्याला तिचा फारसा उपयोग नसतो. पण मोठ्या पडद्यासमोर माउस घेऊन बसलेल्या माणसाची गरज वेगळी आहे. मुक्त सॉफ्टवेअरची मला सर्वांत भावणारी बाजू हीच, की कुणी दुसऱ्याने ठरवलेला मूळ पर्याय आपल्याला बदलता येतो.

आधी हे विचारा: ही पट्टी रेखाटतंय कोण?

नवख्याचा सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. सेटिंग बदलली, फाइलींच्या विंडोत पट्टी दिसायला लागली, पण ब्राउझरमध्ये नाहीच. मग वाटतं, काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. लिनक्सवर सगळ्या विंडोंमधले स्क्रोलबार रेखाटणारं एकच कुणी नाही.

ग्नोम, सिनॅमन आणि एक्सएफसीई या डेस्कटॉपवरचे बहुतेक प्रोग्राम जीटीके हे साधन वापरतात. त्यातही जीटीके ३ आणि डिसेंबर २०२० मध्ये आलेलं जीटीके ४ अशा दोन पिढ्या एकाच वेळी नांदत आहेत. केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपवरचे प्रोग्राम क्यूटी हे दुसरं साधन वापरतात. फायरफॉक्स आणि क्रोमियम आपापल्या पट्ट्या स्वतः रेखाटतात. थोडक्यात, एका पडद्यावर उघड्या असलेल्या चार विंडोंच्या पट्ट्या चार वेगवेगळ्या हातांनी काढलेल्या असू शकतात.

म्हणून पहिली पायरी म्हणजे आपला डेस्कटॉप कोणता ते पाहणं. सेटिंग्जमध्ये 'अबाउट' नावाचं पान असतं, तिथे डेस्कटॉपचं नाव आणि आवृत्ती दिसते. कागदावर लिहून ठेवा. नेटवर उत्तर शोधताना नुसतं 'लिनक्स' लिहिलंत तर दहा वर्षांपूर्वीचे उपाय समोर येतील. डेस्कटॉपचं नाव आणि आवृत्ती लिहिलीत तर निम्मा त्रास वाचतो.

दुसरी पायरी शिस्तीची आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा, फरक पाहा, मगच पुढची बदला. पाच गोष्टी एकदम बदलल्या की कोणत्या बदलाने काय झालं ते कळायला मार्ग उरत नाही.

ग्नोम: उबुंटू, फेडोरा आणि इतर

ग्नोमच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये हे काम मिनिटाभराचं आहे.

१. सेटिंग्ज उघडा आणि डावीकडच्या यादीतून 'ॲक्सेसिबिलिटी' निवडा.
२. 'सीइंग' या भागात जा.
३. 'ऑलवेज शो स्क्रोलबार्स' हे बटण चालू करा.
४. फाइलींची विंडो उघडून एखाद्या लांबलचक फोल्डरमध्ये जा. पट्टी आता मजकुराच्या बाजूला स्वतःची जागा घेऊन उभी दिसेल.

हा पर्याय 'ॲक्सेसिबिलिटी'त ठेवलेला असल्यामुळे पुष्कळांना सापडत नाही. ते पान फक्त दृष्टी अधू असलेल्यांसाठी आहे असं समजून लोक तिकडे फिरकत नाहीत. मी तर प्रत्येक नवख्याला आधी तेच पान उघडायला सांगते. कर्सरचा आकार, मोठी अक्षरं, हालचाली कमी करणं, अशा रोजच्या सोयीच्या कितीतरी गोष्टी तिथे आहेत.

आवृत्ती जुनी असेल आणि हे बटण दिसत नसेल, तर सॉफ्टवेअर केंद्रातून 'डीकॉन्फ एडिटर' बसवा. तो उघडून ऑर्ग, ग्नोम, डेस्कटॉप, इंटरफेस अशा क्रमाने आत जा. तिथल्या यादीत 'ओव्हरले-स्क्रोलिंग' शोधा. तिचं मूळ मूल्य 'चालू' असतं, ते बंद करायचं. नाव नीट लक्षात घ्या: 'तरंगती पट्टी बंद' म्हणजेच 'कायमची पट्टी चालू'. पहिल्यांदा हे उलटं वाटतं.

डीकॉन्फ एडिटरमध्ये प्रत्येक नोंदीसोबत ती कशासाठी आहे याचं वर्णन असतं आणि 'मूळ मूल्य वापरा' अशी सोयही असते. ती सोय नवख्यासाठी फार मोलाची आहे. बदल आवडला नाही की तेवढं एक बटण चालू करायचं, नोंद मूळपदावर येते.

सिनॅमन, म्हणजे बहुधा लिनक्स मिंट

स्क्रोलबारच्या बाबतीत नवख्याची सगळ्यात चांगली काळजी घेतली आहे ती सिनॅमनने, असं माझं स्पष्ट मत आहे. सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'थीम्स' उघडा. नव्या आवृत्तीत आधी 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज' वर क्लिक करावं लागतं. मग 'सेटिंग्ज' हा भाग निवडा. तिथे स्क्रोलबारचे पर्याय एकाच जागी मिळतात. तरंगती पट्टी वापरायची की नाही, खोबणीत, म्हणजे पट्टीतल्या ठोकळ्याबाहेरच्या रिकाम्या भागात, क्लिक केल्यावर थेट त्या ठिकाणी उडी मारायची की नाही, आणि थीमने ठरवलेली रुंदी बाजूला सारून आपली रुंदी वापरायची का. शेवटच्या पर्यायावर टिक केली की खाली रुंदीसाठी आकडा देता येतो.

बाबांसाठी मी सोळा पिक्सेल ठेवले. हात थोडा थरथरत असेल तर बारीक पट्टी पकडणं किती अवघड जातं, हे शेजारी बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. माउस पट्टीपर्यंत नीट जातो आणि बटण दाबायच्या क्षणी दोन पिक्सेल बाजूला सरकतो. मग पट्टीऐवजी मागची दुसरीच विंडो पुढे येते. रुंदी वाढवल्यावर हा प्रकार त्याच दिवशी थांबला.

केडीई प्लाझ्मा

प्लाझ्मावर दोन ठिकाणी जावं लागतं. एक, पट्टीचं वागणं. सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'जनरल बिहेव्हियर' शोधा. त्यात 'क्लिकिंग इन स्क्रोलबार ट्रॅक' असा प्रश्न आहे आणि दोन उत्तरं आहेत: क्लिक केल्या जागी जाणं किंवा एकेक पान सरकणं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या प्लाझ्मा ६ पासून क्लिक केल्या जागी जाणं हा मूळ पर्याय झाला आहे. फाइल एका क्लिकने उघडायची की दोन क्लिकने, हेही याच पानावर ठरतं.

दोन, पट्टीचं रूप. 'ॲप्लिकेशन स्टाइल' उघडा, 'ब्रीझ' या शैलीवरच्या पेन्सिलीच्या चित्रावर क्लिक करा आणि 'स्क्रोलबार्स' हा भाग पाहा. पट्टीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला बाणांची बटणं हवीत का, हवीत तर एक की दोन, हे तिथे निवडता येतं. बाण दाबून ओळीओळीने सरकायची सवय असलेल्यांना ही सोय परत मिळाली की फार बरं वाटतं. जीटीके ४ मधून ते बाण पूर्णपणे गेले आहेत.

एक्सएफसीई

इथे तयार बटण नाही, पण उपाय सोपा आहे. होम फोल्डरमध्ये 'डॉट प्रोफाइल' नावाची फाइल असते. नावाच्या सुरुवातीला टिंब असल्यामुळे ती लपलेली असते. फाइलींच्या विंडोत कंट्रोल आणि एच दाबलं की दिसते. ती साध्या मजकूर-संपादकात उघडा. शेवटी नवीन ओळ जोडा: आधी 'एक्स्पोर्ट' हा शब्द, मग एक जागा सोडून 'जीटीके', 'ओव्हरले', 'स्क्रोलिंग' हे तीन शब्द मोठ्या रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता अधोरेषेने जोडलेले, त्याला लागून बरोबरचं चिन्ह आणि शून्य. फाइल जतन करा, लॉग-आउट करून पुन्हा आत या. जीटीके ३ च्या प्रोग्राममधली पट्टी कायमची दिसू लागेल. जीटीके ४ या ओळीला जुमानत नाही, त्यामुळे एखादा नवा प्रोग्राम तसाच राहिला तर गोंधळून जाऊ नका.

खोबणीत क्लिक केलं आणि पान भलतीकडेच गेलं

हा अनुभव दुसऱ्या प्रणालीवरून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला येतो. ठोकळ्याच्या खालच्या रिकाम्या भागात, म्हणजे खोबणीत, क्लिक केलं की एक पान पुढे जाईल अशी अपेक्षा असते. जीटीकेच्या मूळ वागणुकीत मात्र ठोकळा थेट क्लिक केल्या जागी येतो. दोनशे पानांच्या दस्तऐवजात एका क्लिकसरशी तुम्ही तिसऱ्या पानावरून एकशे चाळिसाव्या पानावर!

तेवढ्यापुरता उपाय हवा असेल तर शिफ्ट दाबून क्लिक करा. तेव्हा वागणूक उलटते आणि पान एकेक करून सरकतं. कायमचा बदल हवा असेल तर होम फोल्डरमधल्या 'डॉट कॉन्फिग' या लपलेल्या फोल्डरात 'जीटीके-३.०' हे फोल्डर शोधा, नसेल तर तयार करा. त्यात 'सेटिंग्ज डॉट आयएनआय' या नावाची फाइल बनवा. पहिल्या ओळीत चौकोनी कंसात 'सेटिंग्ज' हा शब्द, पहिलं अक्षर मोठं. दुसऱ्या ओळीत जीटीके, प्रायमरी, बटन, वॉर्प्स, स्लायडर हे पाच शब्द छोट्या अक्षरांत आणि आडव्या रेघांनी जोडून, मग बरोबरचं चिन्ह, मग 'फॉल्स'. जीटीके ४ साठी अशीच फाइल 'जीटीके-४.०' या फोल्डरात ठेवायची.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना बिघाड वाटते आणि ती बिघाड मुळीच नाही. ठोकळा पकडून क्षणभर तसाच दाबून धरला आणि मग ओढला, तर पान फार हळू सरकतं. 'माउस अडकतोय' असं लोक म्हणतात. खरं तर ही बारीक हालचालीची सोय आहे. फार मोठ्या फाइलीत ठोकळा केसभर हलला तरी दहा पानं उडून जातात, त्यावर हा इलाज. घाई असेल तर पकडल्याबरोबर ओढा. नेमकी जागा गाठायची असेल तर जरा थांबून ओढा. एकदा हे हाताला कळलं की त्याचं महत्त्व पटतं.

रुंदी आपल्या मनाप्रमाणे

ग्नोममध्ये पट्टी कायमची दिसू लागली तरी बारीकच असते. ती रुंद करायची तर वरच्याच 'जीटीके-३.०' फोल्डरात 'जीटीके डॉट सीएसएस' नावाची फाइल हवी. वेबपानांची शैली ज्या भाषेत लिहितात तीच भाषा इथे चालते.

एकच नियम लिहायचा आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग 'कोणाला' हे सांगतो: 'स्क्रोलबार', त्याला लागून टिंब आणि 'व्हर्टिकल', मग एक जागा सोडून 'स्लायडर'. म्हणजे उभ्या पट्टीतला ठोकळा. दुसरा भाग महिरपी कंसात येतो आणि 'काय' हे सांगतो: 'मिन', आडवी रेघ, 'विड्थ', मग विसर्गासारखं दोन टिंबांचं चिन्ह, मग इंग्रजी आकड्यांत सोळा आणि त्याला चिकटून 'पीएक्स', शेवटी अर्धविराम. कंस बंद करायला विसरू नका. फाइल जतन करून प्रोग्राम पुन्हा उघडा.

काही फरक पडला नाही तर दहापैकी नऊ वेळा अर्धविराम राहिलेला असतो किंवा 'पीएक्स' आणि आकडा यांच्यात जागा पडलेली असते. हाच नियम 'जीटीके-४.०' मधल्या त्याच नावाच्या फाइलीतही चालतो. तरंगती पट्टी आधी बंद केलेली असावी. ती चालू ठेवून रुंदी वाढवली तर मजकुराची शेवटची अक्षरं पट्टीखाली झाकली जातात.

फ्लॅटपॅक पद्धतीने बसवलेले प्रोग्राम आपापल्या कुंपणात राहतात आणि तुमच्या या फाइली त्यांना सहसा दिसत नाहीत. 'फ्लॅटसील' नावाच्या प्रोग्राममधून त्यांना हे फोल्डर वाचायची परवानगी देता येते. पण सुरुवातीलाच त्यात शिरू नका. आधी रोजच्या वापरातले दोन-तीन प्रोग्राम मनासारखे होऊ द्या.

ब्राउझर आणि टर्मिनल

फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज उघडून 'जनरल' भागात खाली 'ब्राउझिंग' पर्यंत जा. 'ऑलवेज शो स्क्रोलबार्स' वर टिक करा. एवढंच. पट्टी अजून जाड हवी असेल तर पत्त्याच्या जागी 'अबाउट' आणि दोन टिंबांपुढे 'कॉन्फिग' लिहा, सावधगिरीची सूचना मान्य करा आणि शोधाच्या चौकटीत 'स्क्रोलबार' लिहा. आलेल्या यादीत 'साइझ डॉट ओव्हरराइड' ने संपणारी नोंद आहे. तिचं मूळ मूल्य शून्य असतं. तिथे वीस लिहून पाहा. याच यादीत 'स्क्रोलबार डॉट स्टाइल' ने संपणारी नोंदही आहे आणि तिच्या आकड्यावर पट्टीचा घाट ठरतो. इतर नोंदींना मात्र हात लावू नका. काही वेबसाइट स्वतःच पट्टी बारीक करून ठेवतात, तिथे तुमच्या निवडीचा पूर्ण परिणाम दिसेलच असं नाही.

टर्मिनलमध्ये पट्टीइतकाच दुसरा एक आकडा महत्त्वाचा आहे: मागच्या किती ओळी आठवणीत ठेवायच्या. ग्नोम टर्मिनलमध्ये मूळ मर्यादा १०,००० ओळींची आहे, केडीईच्या 'कन्सोल' या टर्मिनलमध्ये १,००० ओळींची. लांबलचक काम चालवलं आणि सुरुवातीची चूक पाहायला वर गेलात तर कन्सोलमध्ये ती ओळ निघून गेलेली असू शकते. प्रोफाइलच्या 'स्क्रोलिंग' भागात हा आकडा वाढवा. कन्सोलमध्ये पट्टी डावीकडे ठेवायची की उजवीकडे, की लपवायची, हेही तिथेच ठरवता येतं.

चाक, टचपॅड आणि मधलं बटण

पान उलट दिशेने सरकतंय असं वाटत असेल तर ते 'नॅचरल' दिशेवर आहे. ग्नोमच्या 'माउस अँड टचपॅड' पानावर माउससाठी आणि टचपॅडसाठी ही दिशा वेगवेगळी निवडता येते. मी स्वतः टचपॅडवर 'नॅचरल' आणि माउसवर जुनी पद्धत ठेवते. बोटाखाली कागद सरकतोय असं टचपॅडवर वाटतं, चाकाच्या बाबतीत तसं वाटत नाही. टचपॅडवर दोन बोटांनी सरकवायचं की कडेवरून एका बोटाने, याचीही निवड त्याच पानावर आहे.

मधल्या बटणाबद्दल मात्र सगळ्यांनाच सावध करते. लिनक्सवर मजकूर नुसता निवडला तरी तो एका वेगळ्या जागी लक्षात ठेवला जातो आणि जिथे मधलं बटण दाबाल तिथे उमटतो. नेहमीच्या कॉपी-पेस्टशी याचा संबंध नाही. सवय झाल्यावर ही सोय सोडवत नाही. पण माउसचं चाक हेच मधलं बटण असतं. पत्र लिहिताना चाक फिरवताफिरवता जरा जोरात दाबलं गेलं की कुठलातरी जुना परिच्छेद मध्येच येऊन पडतो आणि माणूस चक्रावून जातो. ग्नोममध्ये 'ट्वीक्स' हा प्रोग्राम बसवा, त्यात कीबोर्ड आणि माउसच्या पानावर 'मिडल क्लिक पेस्ट' बंद करता येतं.

अक्षरं, कर्सर, बटणं

अक्षरं लहान वाटत असतील तर दोन वाटा आहेत. 'डिस्प्लेज' मधून सगळंच मोठं करता येतं, म्हणजे चित्रं, बटणं, पट्ट्या, सगळं. किंवा फक्त अक्षरं मोठी करता येतात. 'ॲक्सेसिबिलिटी'तल्या मोठ्या अक्षरांच्या बटणाने ती सव्वापट होतात आणि ट्वीक्समधल्या फाँटच्या पानावर १.१ किंवा १.१५ असा मधला आकडाही देता येतो. पडदा लहान असेल तर दुसरी वाट बरी, कारण विंडोत मावणारा मजकूर फारसा कमी होत नाही. उकार आणि मात्रा असलेल्या लिपीत वाचणाऱ्याला एवढ्याशा वाढीनेही मोठा आराम मिळतो.

कर्सरचा आकार 'सीइंग' मध्येच बदलतो. पडद्यावर कर्सर हरवत असेल तर 'लोकेट पॉइंटर' चालू करा. मग कंट्रोल दाबल्यावर कर्सरभोवती वर्तुळं उमटतात.

मूळ ग्नोममध्ये विंडोच्या डोक्यावर फक्त बंद करायचं बटण असतं. लहान-मोठं करायची बटणं ट्वीक्समधल्या विंडोंच्या पानावर चालू होतात. उबुंटूने ती आधीच दिलेली आहेत.

हात पोळू नये म्हणून

एवढे बदल करण्याआधी आजची घडी जपून ठेवा. 'डॉट कॉन्फिग' या फोल्डरची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर करा आणि प्रतीच्या नावात तारीख घाला. ग्नोमच्या बहुतेक सेटिंग्ज याच्या आत 'डीकॉन्फ' फोल्डरातल्या 'यूजर' नावाच्या एकाच फाइलीत असतात. एक्सएफसीईच्या 'एक्सएफसीई४' या फोल्डरात, आणि केडीईच्या 'केडीईग्लोबल्स' आणि तिच्या शेजारच्या पुष्कळ फाइलींमध्ये.

एखादी फाइल बदलायची असेल तर ती पुसू नका, नाव बदला. शेवटी 'जुनी' असा अर्थ सांगणारा शब्द जोडला तरी पुरे. प्रोग्रामला ती फाइल सापडत नाही, तो मूळ सेटिंग्जवर चालतो, आणि तुमचं काम हाताशी राहतं.

पडदा अगदीच वेडावाकडा झाला आणि दोष नेमका कशात आहे ते उमजेना, तर संगणकावर दुसरं वापरकर्ता-खातं तयार करून त्यातून आत या. तिथे सगळं ठीक दिसलं तर गडबड तुमच्या खात्यातल्या एखाद्या सेटिंगमध्येच आहे, प्रणालीत नाही. मग पुन्हा बसवायचा घाट घालायची गरज नाही.

डेस्कटॉप उघडतच नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड विचारला जाईल. पासवर्ड लिहिताना अक्षरं दिसत नाहीत, तरी लिहीत राहा. आत गेल्यावर 'एमव्ही' या आज्ञेपुढे शेवटी बदललेल्या फाइलीचा पत्ता आणि नवं नाव देऊन तिचं नाव बदला. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ१ किंवा एफ२ दाबून परत या आणि पुन्हा लॉग-इन करा. बाबांच्या संगणकावर मला हे एकदाच करावं लागलं: सीएसएसच्या फाइलीत रुंदीच्या आकड्यापुढे चुकून एक शून्य जास्त पडलं होतं आणि अर्धी विंडो पट्टीनेच व्यापली होती.